दोन लाख रनिंगची थार घ्यावी का?

मिरा रोड-भाईंदरमध्ये जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या कुणाकडेही जा आणि ‘फोर बाय फोर हवीय’ म्हणून सांगा. एखादी जुनी थार समोर येते, एखादी जिप्सी, क्वचित थकलेली फॉर्च्युनर. रंग चकाचक, टायर रुंद आणि मीटरवर एक लाख नव्वद हजार. ‘बाप रे, रनिंग फार आहे’ म्हणत निम्मे लोक तिथूनच मागे फिरतात. माझ्या मते त्या आकड्याला आपण उगाच फार घाबरतो, आणि जिथे घाबरायला हवं तिथे वाकून बघतही नाही.

आधी आकड्याचंच बघू. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरले तर दोन लाख किलोमीटर म्हणजे पाच हजार तास. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेतं असं मानलं, तर क्रँकशाफ्ट एकूण साठ कोटी वेळा फिरला. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये तीस कोटी स्फोट झाले. एवढं होऊन लोखंड शिल्लक राहतंच कसं?

याचं उत्तर १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये अपघातानेच हाती आलं. बीचम टॉवर हा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने वरून एक भोक पाडलं, तर तेल आत जायचं सोडून बाहेर उसळू लागलं. भोकात लाकडी खुंटी ठोकली, तीही तेलाने ढकलून दिली. फिरणारा दांडा तेलाला ओढून अरुंद फटीत कोंबतो, तिथे प्रचंड दाब तयार होतो आणि त्या दाबावर दांडा अक्षरशः तरंगतो. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. म्हणजे चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेअरिंग एकमेकांना जवळपास शिवतच नाहीत. मधला थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ. खरी झीज होते ती गाडी सुरू करताना, थर अजून बसलेला नसतो तेव्हा. म्हणून अहमदाबाद हायवेवर वर्षानुवर्षं धावलेली दोन लाखांची गाडी ठणठणीत निघू शकते, आणि घर ते स्टेशन एवढीच चाललेली साठ हजारांची खिळखिळी.

आता याची दुसरी बाजू. मीटर मोजतो चाकांचे फेरे. इंजिन किती फिरलं ते त्याला ठाऊक नसतं. हायवेला टॉप गिअरमध्ये ताशी ८० ने जाताना एका किलोमीटरला इंजिन साधारण दीड हजार फेरे घेतं. तीच गाडी ‘फोर लो’ (फोर बाय फोरची सगळ्यात धीमी, ताकदीची रेंज) आणि पहिल्या गिअरमध्ये घालून चिखलाची चढण चढवा. चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे चाळीसेक फेरे होतात, म्हणजे किलोमीटरला अठरा हजारांच्या आसपास. बारा पट! ऑइल बदलायचा हिशेब मात्र आपण किलोमीटरवरच ठेवतो. मातीची धूळ खाल्लेलं, तापून पातळ झालेलं तेल मग मीटरच्या हिशेबाने ‘अजून नवंच’ असतं. म्हणून ‘फक्त सत्तर हजार चाललीय, वीकेंडलाच ट्रेलवर न्यायचो’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मी सावध होतो.

अशा गाडीची सगळ्यात बोलकी जागा म्हणजे अ‍ॅक्सलचं हाउसिंग. चढणीवर राबून ते ऐंशी अंशांपर्यंत तापलं आणि तसंच तीस अंशांच्या ओढ्यात बुडालं, तर आतली हवा आकसते. दाब सुमारे एक सप्तमांशाने उतरतो. ब्रीदर, म्हणजे हाउसिंगची हवा ये-जा करायची वाट, चोंदलेला असेल किंवा पाण्याखाली गेला असेल, तर हाउसिंग चक्क पाणी ओढून घेतं. मिस्त्रीला गिअर ऑइलचा प्लग खोलायला सांगा. तेल दुधाळ दिसलं तर गाडी पोहून आलेली आहे. अगदी कोरं, कालच भरल्यासारखं दिसलं तर ते काल का बदललं, हेही विचारा.

चालत्या इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडा. धुराचे जोरदार भपकारे आले तर मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतो. रिंगा गेल्या, इंजिनचं काम निघणार. घोडबंदर रस्त्याच्या गायमुख घाटात वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिन ओरडतंय आणि वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. फोर बाय फोर मात्र चेण्याकडच्या कच्च्या रस्त्यावरच लावून बघा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. थार-जिप्सीसारख्या गाड्यांत हा फरक सामावून घेणारं डिफरन्शियल मध्ये नसतं. कोरड्या काँक्रीटवर चाकांना घसरायला वाव मिळत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये भरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फोर बाय फोर लावून गोल फिरवून दाखवणारा मालक स्वतःच्या गाडीविषयी बरंच काही सांगून जातो.

आणि आता आपल्या गावाची खास गोष्ट. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, मधोमध भाईंदरची मिठागरं. हवेत खार कायमचाच. मिठाचा गुण असा की आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी खेचून स्वतः विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे चासीच्या पोकळीत मिठाचा थर असेल, तर पाऊस थांबला तरी, गाडी छपराखाली असली तरी, लोखंड आतून ओलंच राहतं. त्यात चिखलाने निचऱ्याची भोकं बुजलेली. बाहेरून काळाभोर अंडरकोट आणि आत पापुद्रे! म्हणून गाडी लिफ्टवर घ्या आणि लहान हातोडीने चासी ठोकत जा, मागच्या चाकांच्या वर आणि स्प्रिंगच्या हँगरपाशी विशेष. टणटणीत आवाज हवा. बद्द आवाज आला, की आतलं लोखंड गेलं. समुद्राच्या रेतीत फिरवलेली गाडी इथे हमखास पकडली जाते.

कागदांचं थोडक्यात सांगतो. २०१० च्या थारची पंधरा वर्षं २०२५ मध्ये भरली. पुढे दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. गाडी उंच केलेली, इंजिन बदललेलं असेल तर ते आरसीवर चढलंय का बघा. मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

इंजिन पुन्हा बांधता येतं, क्लच नवा बसतो, अ‍ॅक्सल बदलता येतो. भाव पाडून घ्या आणि खर्च धरून चाला. दोन लाख किलोमीटर हायवेवर चाललेली, कोरड्या चासीची गाडी मी बिनधास्त घेईन. चासी गंजाने खाल्लेली असेल, तर मीटरवर चाळीस हजार असोत, फुकटात मिळाली तरी घेऊ नका.