करडाच्या पोटातला बायपास

शेळीला चार कप्प्यांचं पोट असतं, हे आपण शाळेत शिकलोय. मग नुकत्याच जन्मलेल्या करडाला? कप्पे चारच, पण कामाचा फक्त एक! मोठ्या शेळीच्या पोटाचा सुमारे 80 टक्के भाग व्यापणारं, पाला पचवणारं कोटीपोट करडात इवलंसं असतं आणि निजलेलं असतं. पुण्याच्या वारज्यात एखाद्या बंगल्याच्या अंगणात किंवा माळवाडीतल्या जुन्या घराच्या पडवीत तुम्ही हौसेनं संगमनेरी किंवा उस्मानाबादी करडू आणून बांधलंत, तर त्याची शेळी व्हायची अजून बाकी आहे. आणि ती तुमच्या देखत होणार आहे!

पहिलं नवल चिकाचं. माणसाचं बाळ आईकडून रोगप्रतिकारक प्रतिपिंडं वारेतूनच घेऊन येतं. शेळीची वार मात्र ती पलीकडे जाऊच देत नाही. पाच महिने पोटात वाढलेलं करडू जगात येतं ते जवळजवळ रिकाम्या हातानं. त्याचं सगळं संरक्षण चिकात असतं. गंमत अशी, की पहिले काही तास करडाच्या आतड्याची भिंत ही मोठमोठी प्रथिनं न पचवता, अखंड आत घेते आणि साधारण दिवसाभरात हे दार कायमचं बंद होतं! म्हणून दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या दिवशी निदान 200 मिलिलिटर चीक जायला हवा, तोही तासा-दोन तासांतच सुरू करून. ‘वार पडेपर्यंत पाजू नये’ ही जुनी समजूत करडाच्या जिवावर उठते. फक्त आधी त्याच्या तोंडात बोट घालून बघा. आत गार लागलं, तर अगोदर करडाला ऊब द्या. त्याचं अंग असायला हवं 39 अंशांच्या आसपास, आणि गारठलेल्या पोटात दूध पचत नाही.

आता दूध जातं कुठे? सरळ रस्ता म्हणाल तर आधी कोटीपोट. पण तिथे दूध पडलं तर आंबून नासेल. मग करडू काय करतं? ते चोखायला लागलं, की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या खाचेच्या कडा मिटतात, तिची नळी होते आणि दूध थेट चौथ्या, खऱ्या पोटात उतरतं. बंगळुरूकडून मुंबईला निघालेला ट्रक पुण्याच्या पेठांत न शिरता वारज्याच्या बायपासनं बाहेरच्या बाहेर जातो ना, अगदी तसं! हा रस्ता उघडतो मुख्यतः चोखण्यानं. म्हणून बाटली लावा, निपल नीट चोखू द्या, दूध अंगाइतकं कोमट ठेवा. घशात दूध ओतलंत तर ते भलत्या पोटात जाईल, नाहीतर फुप्फुसात.

दोनेक आठवड्यांत करडू पाला कुरतडू लागतं. पोट भरत नाही त्यानं, पण त्या घासांबरोबर आणि मोठ्या शेळ्यांच्या लाळेतून कोटीपोटात सूक्ष्मजीव शिरतात. वाढ झाल्यावर त्यांची संख्या किती व्हावी? एका मिलिलिटरात अब्जावधी! चारा आंबवताना ते जी आम्लं तयार करतात, त्यांच्यामुळेच कोटीपोटाच्या अस्तराला बोटांसारखे उंचवटे फुटतात. म्हणजे खाल्लेल्या अन्नानं पचवणारं पोट घडवायचं! नुसत्या दुधावर ठेवलेल्या करडाचं अस्तर खुरटंच राहतं. म्हणून लाडानं दूध वाढवत बसू नका. शेवरी, सुबाभूळ, लसूणघास पुढ्यात टांगा आणि मूठभर मक्याचा भरडा ठेवा. साधारण आठ आठवड्यांत कोटीपोट बाकीच्या कप्प्यांना मागे टाकतं आणि करडू निवांत बसून रवंथ करताना दिसतं.

शहरात धोका आहे तो मायेचा. शेजारीपाजारी उरलेला भात, पोळ्या, सणाची पुरणपोळी आणून घालतात. एवढं पीठ एकदम पोटात गेलं, की सूक्ष्मजीवांचा तोल ढळतो, आम्ल वाढत जातं आणि धडधाकट जनावर एका रात्रीत दगावू शकतं. कण्हेरीचा पाला तर लांबच ठेवा, ती अख्खी विषारी आहे. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर तुटून पडल्यावर होणारा आंत्रविषारही पिठाच्या अजीर्णाच्याच जातीचा. आतड्यात एरवी गुपचूप राहणारा जिवाणू फोफावतो आणि विष सोडतो. त्यावर लस आहे, आणि जनावरांच्या लशी बनवणारी सरकारी संस्था वारज्यापासून फार लांब नाही, औंधला आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पशुवैद्यांकडून आंत्रविषार आणि पीपीआर या दोन्ही रोगांवरच्या लशी टोचून घ्या, जंताचं औषधही त्यांनाच विचारून द्या.

शेळी कळपाचं जनावर. एकटं करडू दिवसभर ओरडत राहतं. तेव्हा पहिल्यांदाच पाळणार असाल तर दोन आणा, तीन महिन्यांची, दूध तोडलेली. त्यांना चीक मिळाला होता का, हे विचारा, आणि ती ज्या पाल्यावर वाढली त्याच्या चार पेंढ्या सोबत मागून घ्या. नवा चारा त्यात थोडा थोडा मिसळत आठवडाभरात बदला.