आर्तुरो तोस्कानीनी : एक मानी संगीतनायक

आपल्याकडील बैठकीत गायक हाच सर्वाधिकारी असतो. तबलजी, पेटीवाला व तंबोऱ्यावरील शिष्य त्याच्या मुद्रेकडे लक्ष ठेवून साथ करतात, आणि राग एकच असला तरी त्याची मांडणी दर बैठकीस नवी होते. पाश्चात्य वाद्यवृंदाची तऱ्हा निराळी. तेथे रचनाकाराने प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर आधीच लिहून ठेवलेला असतो. शंभराच्या आसपास वादक तो लेख समोर ठेवून वाजवितात व त्यांना एका लयीत चालविण्यासाठी हातात लहानशी छडी घेऊन एक मनुष्य उभा असतो. तोच वाद्यवृंदाचा संचालक. तो स्वतः एकही स्वर वाजवीत नाही. मग त्याचे कर्तृत्व ते कोणते, अशी शंका कोणासही यावी. आर्तुरो तोस्कानीनी याचे चरित्र वाचले म्हणजे त्या शंकेचे निरसन होते.

इटलीतील पार्मा या गावी २५ मार्च १८६७ रोजी एका शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला. बाप गॅरिबाल्डीच्या सैन्यात लढलेला, पण घरची स्थिती बेताचीच. नवव्या वर्षी मुलगा गावच्या संगीतविद्यालयात दाखल झाला व चेलो हे मोठे तंतुवाद्य शिकून १८८५ साली बाहेर पडला. त्याची दृष्टी अधू होती. वाजविताना कागद नीट दिसत नसल्यामुळे त्याने सारे संगीत मुखोद्गत करण्याचा परिपाठ ठेवला, आणि या उणिवेतूनच त्याचा भाग्योदय झाला.

१८८६ साली एका इटालियन ऑपेरा मंडळीबरोबर तो ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे गेला होता. ३० जून रोजी मंडळीत संचालकावरून बखेडा माजला आणि बदली संचालकाची प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. अखेर १९ वर्षांच्या या चेलोवादकास सहकाऱ्यांनी पुढे ढकलले. त्याने व्हर्दीचा ‘आयडा’ हा संपूर्ण खेळ पुस्तकाच्या आधारावाचून चालविला. वेदपठणाची परंपरा असलेल्या आपल्या घरांतून पाठांतराचे नवल नाही. परंतु वीस-वीस वाद्यांच्या ओळी एकाच वेळी ध्यानात बाळगणे हे काही सोपे काम नव्हे.

पुढे त्याची कीर्ती झपाट्याने वाढली. लिओनकाव्हालोचा ‘पाल्याची’ (१८९२) व पुच्चीनीचा ‘ला बोएम’ (१८९६) यांचे पहिले प्रयोग त्याच्याच हातून झाले. १८९८ साली मिलान येथील ला स्काला या विख्यात रंगगृहाची सूत्रे त्याच्याकडे आली. त्याने प्रेक्षागृहातील दिवे मंद करविले, स्त्रियांस मोठाल्या टोप्या उतरविण्यास लावले आणि वन्समोअर बंद केला. आपल्या संगीत रंगभूमीवर वन्समोअरने रात्रीच्या रात्री लांबत असत, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांस या धाडसाची कल्पना येईल. १९०३ साली प्रेक्षकांनी हट्टच धरला, तेव्हा तो रंगगृह सोडून चालता झाला व काही वर्षे तेथे परतला नाही.

लिहिलेल्या स्वरांशी प्रामाणिक राहावे, हे त्याचे ब्रीद होते. तथापि ही निष्ठा आंधळी नव्हती. १८९८ साली व्हर्दीच्या एका धार्मिक रचनेची तयारी चालू असता एके ठिकाणी लय किंचित मंदावावी असे त्यास वाटले. कागदावर तर तशी खूण नव्हती. तो वृद्ध व्हर्दीकडे गेला व तसेच वाजवून दाखविले. व्हर्दीने संतोषाने मान्यता दिली. खूण लिहिली असती तर वादकांनी लय अतोनात ओढली असती, म्हणून ती वगळली होती, असा त्याने खुलासा केला.

त्याचा स्वभाव मात्र जमदग्नीचा. तालमीत चूक झाली की तो छड्या मोडी, वादकांस नाही नाही ते बोले. या तापटपणाचे समर्थन करण्याचे कारण नाही.

राजकारणात प्रारंभी त्याचीही फसगत झाली होती. १९१९ साली मुसोलिनीच्या यादीतून तो निवडणुकीस उभा राहिला व पडला. त्या पक्षाचे खरे रूप दिसताच तो दूर झाला. १४ मे १९३१ रोजी बोलोन्या येथे संगीतकार मार्तुच्ची याच्या स्मरणार्थ जलसा होता. मंत्री येणार म्हणून फॅसिस्टांचे गीत वाजविण्याचा आग्रह झाला. त्याने साफ नकार दिला. रंगगृहाच्या दाराशी गुंडांनी त्याच्या तोंडात मारली. सरकारने त्याचे पारपत्र काही काळ हिरावून घेतले. तेव्हापासून फॅसिस्ट राजवट असेतोवर त्याने इटलीत छडी उचलली नाही.

१९३३ साली जर्मनीत ज्यू कलावंतांचा छळ सुरू झाला, तेव्हा खुद्द हिटलरने विनविले असताही बायरॉइटच्या महोत्सवास जाण्याचे त्याने नाकारले. उलट हद्दपार ज्यू वादकांचा वाद्यवृंद तेल अवीव येथे उभा राहिला, त्याचा पहिला जलसा २६ डिसेंबर १९३६ रोजी त्याने एक पैही न घेता चालविला. याच वर्षी मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता पुढे त्याच वाद्यवृंदाचे प्रमुख झाले व २०१९ पर्यंत त्या पदावर राहिले, हा योगायोग आपणास अभिमानाचा वाटेल.

१९३७ पासून अमेरिकेतील एका नभोवाणी संस्थेने खास त्याच्यासाठी वाद्यवृंद उभारला व त्याचे संगीत घरोघर पोहोचले. युद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेले ला स्काला पुन्हा उभे राहिले, तेव्हा ११ मे १९४६ रोजी ७९ वर्षांच्या तोस्कानीनीनेच त्याचे उद्घाटन केले. ४ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या जलशात त्याच्या अजोड स्मृतीने क्षणभर दगा दिला. त्यानंतर त्याने जाहीर जलशांचा निरोप घेतला. १६ जानेवारी १९५७ रोजी तो निवर्तला. देह मिलान येथे नेण्यात आला.

आज्ञा पाळावी, ही शिकवण आपण मुलांस लहानपणापासून देतो. तोस्कानीनीनेही ती जन्मभर पाळली. परंतु आज्ञा कोणाची मानावयाची, याचा निर्णय त्याने स्वतः केला. मृत रचनाकाराने लिहिलेल्या एका स्वरापुढे जो मनुष्य नम्र होता, त्यास सत्ताधीशाच्या हुकमापुढे वाकता आले नाही. मुलांना त्याची गोष्ट सांगताना हा भागही अवश्य सांगावा.