घराचे नकाशे काढण्याचा जोडधंदा

चांदूर बाजाराकडील काळी जमीन कपाशीस जितकी अनुकूल, तितकीच घरास घातक होय. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतींस तडे जातात आणि पिकाचा पैसा डागडुजीत मुरतो. म्हणून जाणता नकाशाकार गावोगावी हवा. शेतकरी बंधूंनी घरातील एका मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील २ वर्षांचा आरेखकाचा अभ्यासक्रम द्यावा. मात्र १९७२ च्या कायद्यान्वये नोंदणीवाचून त्याने स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवू नये. त्याने जागा स्वतः मोजावी, खड्डा खणून मुरूम किती खाली आहे ते पाहावे. तो फार खोल असल्यास पायाविषयी अभियंत्यास विचारावे. बैल, अवजारे व कापूस कोठे राहणार, हे ठरल्यावाचून रेघ ओढू नये. मोबदला आधी ठरवावा. ऐपतीबाहेरचे घर आखणारा एकदाच मिळवितो. खरे सांगणाऱ्यास गाव पुन्हा बोलावतो.