बंदराकडे वळलेला हात

खुर्चीत निवांत बसलेला एक पुरुष. डोक्यावर केसांचा दरबारी टोप, मनगटाशी तलम लेस, जवळच इमारतींचे नकाशे. त्याचा एक हात सहज उचललेला आहे, पाहुण्याला बाग दाखवावी तसा. त्या हाताच्या रोखाने नजर मागे नेली की बंदर दिसते, जहाजे दिसतात आणि काठावर इवलीशी माणसे. ते जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री आहेत. त्यांना देशाबाहेर काढले जात आहे.

लिस्बनजवळच्या ओएइरशच्या नगरपालिकेकडे असलेले हे चित्र १७६६ सालचे. खुर्चीतला पुरुष म्हणजे पोर्तुगालचे राजे पहिले जुझे यांचे सर्वशक्तिमान मंत्री सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यु इ मेलु. इतिहास त्यांना पोंबालचे मार्किस म्हणतो, पण तो किताब त्यांना १७६९ साली मिळाला. चित्र रंगले तेव्हा ते ओएइरशचे काउंट होते.

लिस्बनच्या व्यापारात गब्बर झालेल्या दाव्हिद द प्युरी आणि जेरार्ड द व्हिस्म या दोघांनी हे चित्र त्यांना भेट म्हणून करवून घेतले. काम झाले पॅरिसमध्ये. माणूस रंगवला लुई-मिशेल व्हान लू यांनी. ते आधी स्पेनच्या दरबाराचे चित्रकार होते. समुद्र आणि जहाजे क्लोद-जोसेफ व्हर्ने यांची. फ्रान्सच्या राजासाठी त्या देशातली बंदरे रंगवून त्यांनी नाव कमावले होते. मंत्री मात्र लिस्बनमध्येच होते. चेहऱ्यासाठी तिथून रेखाटन पाठवले गेले.

ही शैली रोकोको. बागेतल्या कृत्रिम गुहा शिंपल्या-खड्यांनी सजवत, त्या सजावटीच्या फ्रेंच नावावरून हा शब्द आला. त्याआधीच्या बरोक चित्रांत सत्ता चिलखत घालून, घोडा उधळत यायची. रोकोकोने तिला मऊ खुर्चीत बसवले, रेशमाची झळाळी दिली, हालचालीत नजाकत आणली. या चित्राची ताकद मला तिथेच जाणवते. हुकूम इतका पक्का आहे की आवाज चढवायची गरजच उरलेली नाही.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांनी लिस्बन उद्ध्वस्त केले. पोंबाल यांनी ते सरळ रस्त्यांचे, भूकंपात तग धरणाऱ्या लाकडी सांगाड्याच्या घरांचे शहर म्हणून पुन्हा उभारले. चित्रातले नकाशे त्याची साक्ष देतात. पुढे १७५८ साली राजावर हल्ला झाला. त्या कटात जेझुइटांचा हात असल्याचा ठपका ठेवून सप्टेंबर १७५९ मध्ये त्यांच्या हद्दपारीचा कायदा निघाला.

तो हात गोव्यापर्यंत पोचला. जुन्या गोव्यात जेझुइट संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव बॉम जेझू चर्चमध्ये होते तिथेच राहिले. ते सांभाळणारे त्यांच्याच संघाचे पाद्री मात्र गेले. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले होते. आपल्या भाषेत पुराण रचणाऱ्या माणसाचा संघ गोव्यातून पुसला गेला तो असा. पण त्याच पोंबाल यांच्या काळात, १७६१ साली, गोव्यातल्या स्थानिक ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगीजांच्या बरोबरीचे हक्क देणारा हुकूम निघाला आणि १७७४ साली गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बंद झाले. चारेक वर्षांत ते पुन्हा सुरू झाले. कायमचे संपायला १८१२ साल उजाडावे लागले.

इन्क्विझिशन पुन्हा सुरू झाले, कारण तोवर पोंबालच सत्तेवर उरले नव्हते. १७७७ साली राजा वारला, राणी मारिया गादीवर आली आणि मंत्र्यांची सत्ता गेली. पुढे दरबारापासून वीस लीग दूर राहण्याची आज्ञा त्यांनाच झाली. लिस्बनच्या चौकातल्या राजाच्या अश्वारूढ पुतळ्याखाली त्यांचा चेहरा कोरलेले पदक होते, तेही काढले गेले. ते परत बसले १८३३ साली.

चित्रात मात्र हात अजून तसाच उचललेला आहे. पाहताना चेहऱ्यापाशी थांबू नये. नजर हाताच्या टोकावरून पुढे, काठावरच्या त्या ठिपक्याएवढ्या माणसांपर्यंत न्यावी. सत्तेचे खरे चित्र तिथे पुरे होते.