संध्याकाळच्या फीचा हिशेब

पुष्कळ डॉक्टरांचे उत्पन्न दोन वाटांनी येते. दिवसा एखाद्या रुग्णालयात पगाराची नोकरी आणि संध्याकाळी दुसऱ्या रुग्णालयात व्हिजिट किंवा स्वतःची छोटी ओपीडी. पगारातून प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी सगळे कार्यालयच कापून घेते. संध्याकाळच्या फीचे तसे नसते. मी डॉक्टरांची विवरणपत्रे भरून देतो, तेव्हा गोंधळ दिसतो तो याच रकमेत. ‘दहा टक्के टीडीएस कापलाय ना, मग कर भरून झाला,’ असे अनेकांनी धरलेले असते.

ही फी म्हणजे पगार नव्हे, ते व्यवसायाचे उत्पन्न. रुग्णालयात नियमित येणारा सल्लागार डॉक्टर हा नोकर की स्वतंत्र व्यावसायिक, हा वाद पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सल्लागार डॉक्टर नोकर नाहीत, असा निर्णय न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. अर्थात तुमचा करार काय म्हणतो, ते वाचलेच पाहिजे. (व्यवसायरोध भत्ता घेणाऱ्या सरकारी डॉक्टरांना ही चर्चा लागू नाही; त्यांना खासगी व्यवसायच करता येत नाही.)

टीडीएस हा कराचा हप्ता आहे, पूर्ण कर नव्हे. समजा, पगार २८ लाख आणि संध्याकाळची फी १२ लाख. टीडीएस कापला गेला १ लाख २० हजार. पण पगारानेच सर्वात वरचा ३० टक्क्यांचा टप्पा गाठला आहे, म्हणजे फीवरचा करही त्याच दराने. प्रत्यक्ष खर्च दोन लाखच दाखवता आला, तर उरलेल्या दहा लाखांवर ४ टक्के उपकर धरून ३ लाख १२ हजार कर होतो.

इथे अनुमानित उत्पन्नाची सोय कामाला येते. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांसाठी ती २०१६ च्या अर्थसंकल्पाने आणली. जुन्या कायद्यात ते कलम ४४ एडीए होते. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, सोय राहिली. एकूण फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. उरलेली निम्मी खर्च म्हणून धरली जाते, पावत्या ठेवाव्या लागत नाहीत. वरच्या उदाहरणात सहा लाखांवर १ लाख ८७ हजार २०० रुपये कर येतो. टीडीएस वजा जाता ६७ हजार २०० भरायचे, तेही १५ मार्चपूर्वी आगाऊ करात. दोन लाखांच्या खर्चाशी तुलना केली, तर १ लाख २४ हजार ८०० रुपये हातात राहतात.

व्यवसायातील जमा वर्षाला ५० लाखांपर्यंत असेल, तर ही सोय मिळते. रोखीचा हिस्सा पाच टक्क्यांच्या आत असेल, तर ७५ लाखांपर्यंत. पगार या मर्यादेत मोजत नाहीत. निम्मे मान्य केल्यावर वेगळा घसारा, भाडे, प्रवासखर्च मागता येत नाही. ज्यांच्या दवाखान्याला भाडे आहे, परिचारिका आहे, कर्जावर घेतलेले सोनोग्राफी यंत्र आहे, त्यांचा खर्च निम्म्याहून जास्तही असेल. त्यांनी रीतसर हिशेब ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे, तेच परवडते. औषध कंपनीने दिलेली सहल किंवा भेटवस्तू हेही उत्पन्नच. जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजारांवरच्या अशा लाभावर टीडीएस कापावा लागतो, म्हणजे त्याची नोंद खात्यापर्यंत पोहोचलेली असते.

आता म्हातारपणाचे. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडीची तीन, सुपरस्पेशालिटीची आणखी तीन. धड कमाई सुरू होते तेव्हा तिशी आलेली असते. पगारावर पीएफ कापला जातो, संध्याकाळच्या फीवर कोणीच काही कापत नाही. पूर्वी मार्च महिना आला की करसवलतीसाठी का होईना, पीपीएफमध्ये दीड लाख आणि एनपीएसमध्ये जादा ५० हजार जात. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात या वजावटी नाहीत. परिणाम असा की काहींनी भरणाच थांबवला. मला ही मोठी चूक वाटते. पीपीएफचे व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. एनपीएसमधल्या जमेचा काही भाग पुढे वार्षिकीत घालावा लागतो आणि त्या पेन्शनवर कर बसतो, तरी दरमहा येणारी रक्कम ज्याला दुसरीकडून मिळणार नाही, त्याला तिचे मोल आहे.

नव्या प्रणालीत एक वाट मात्र उघडी आहे. मालकाने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम, मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत, वजा होते. पगार देणाऱ्या रुग्णालयाला पगाराची तशी रचना करून मागावी. फीवर हे मिळत नाही.

जुनी प्रणाली घेऊन वजावटी मिळवाव्यात, असा विचार असेल तर थांबून आकडे मांडा. फक्त पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला मात्र जुनीकडे गेल्यावर नवीकडे एकदाच परतता येते. त्यानंतर ते उत्पन्न चालू असेपर्यंत जुनीचे दार बंद. गृहकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता, विमा, पीपीएफ, एनपीएस एवढे सगळे एकत्र असेल, तरच जुनी बहुधा परवडते.

फीसाठी बँकेत वेगळे खाते उघडा. फी जमा होताच कराचा वाटा बाजूला काढा आणि कराचा फरक म्हणून जे वाचले, ते त्याच महिन्यात पीपीएफ किंवा एनपीएसमध्ये वळते करा. वरच्या उदाहरणात ते महिन्याला १० हजार ४०० रुपये होतात.