चिऱ्याच्या भिंतीवर अक्षरे का टिकत नाहीत?

कुडाळमधील एखाद्या शाळेची जांभ्या चिऱ्यांची आवारभिंत डोळ्यांसमोर आणा. समजा, तिच्यावर मे महिन्यात ‘वाहने सावकाश चालवा’ ही अक्षरे व्हिनाइलच्या स्टिकरमधून कापून चिकटवली. जूनच्या पावसात नेमका ‘सावकाश’ गळून पडला तर? भिंतीवर उरेल ‘वाहने चालवा’! हसू येईल खरे. पण शाळेसमोर रस्ता ओलांडणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही हसण्याची गोष्ट नव्हे.

हीच अक्षरे काचेवर किंवा एस.टी.च्या रंगवलेल्या पत्र्यावर कित्येक वर्षे टिकतात. मग चिऱ्यानेच काय घोडे मारले आहे?

दोन भिन्न पदार्थांच्या रेणूंमधील आकर्षणाला आसंजन म्हणतात. स्टिकर चिकटतो तो मुख्यतः या बलामुळे. डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांच्या नावाने ओळखले जाणारे हे आकर्षण फारच थोड्या अंतरावर चालते. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतक्या अंतरापलीकडे ते झपाट्याने क्षीण होते. म्हणजे नुसते जवळ असून भागत नाही, प्रत्यक्ष टेकावे लागते. स्टिकरवरील डिंकाचा थर सुमारे 0.025 मिलिमीटर जाड असतो. चिऱ्यावरचा एक मिलिमीटर खोल खळगा त्याच्या चाळीसपट झाला! डिंक तळाशी पोचणार कसा? स्टिकर उंचवट्यांवरच टेकतो आणि मधल्या जागेवर मांडवाच्या कापडासारखा ताणून राहतो.

एक प्रयोग करून पाहा. चिकटपट्टीचा एक तुकडा काचेवर व दुसरा कोरड्या चिऱ्यावर दाबून बसवा. मग दोन्ही सोलून उजेडात धरा. दुसऱ्या तुकड्यावर तांबडे ठिपके दिसतील. हेच ते टेकलेले उंचवटे! मधले स्वच्छ भाग बहुतेक हवेतच होते.

हे ठिपके आणखी एक गोष्ट सांगतात. डिंकाने धूळ घट्ट धरली, पण धुळीने दगड सोडला. एकाच पदार्थाच्या कणांना बांधून ठेवणारे ते संसंजन. चिऱ्याच्या भुरभुरीत पृष्ठभागाचे संसंजनच कमी पडले, तर उत्तम डिंकही हतबल होतो. त्यात पावसाचे पाणी मोकळ्या खळग्यांतून आत शिरते आणि उरलीसुरली पकडही सोडवते.

मग उपाय काय? खडबडीत भिंतींसाठी पातळ, लवचिक व्हिनाइल आणि अधिक जोरकस डिंक वापरतात. भिंत झाडून, धुऊन पूर्ण वाळू देतात. मग कारागीर गरम हवेच्या यंत्राने व्हिनाइल मऊ करतो आणि लगेच स्पंजच्या रोलरने खळग्यांत दाबतो. थंड होताना ते तोच आकार धरते. रुळांमध्ये दाबून केलेल्या स्वस्त व्हिनाइलमध्ये मात्र ताण कोंडलेला असतो. ते पुन्हा आक्रसू पाहते आणि खळग्यांतून वर उचलले जाते. द्रवरूपात पसरून बनवलेल्या व्हिनाइलमध्ये हा ताण फारच कमी असतो.

तरीही उघड्या चिऱ्यावर याची खात्री देता येत नाही. त्यापेक्षा तेवढ्या जागेवर गुळगुळीत गिलावा करून, रंग देऊन, तो पूर्ण वाळल्यावर स्टिकर लावावा, नाहीतर सरळ पेंटरला बोलवावे. त्याच्या कुंचल्यातील रंग पातळ असतो. तो खळग्याच्या तळापर्यंत वाहत जातो आणि तिथेच वाळतो. स्टिकरला जे यंत्राने शिकवावे लागते, ते रंगाला उपजतच येते, नाही का?