सुईला हात लावण्याआधी

जमिनीवर झकास चालणारं मॉडेल विमानाचं इंजिन विमान नाक वर करून चढू लागलं की एकदम चढ्या आवाजात किंचाळतं आणि बंद पडतं. एरोमॉडेलिंग करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मग विमान कसंबसं उतरवलं जातं आणि पहिला हात जातो तो कार्बोरेटरच्या सुईकडे, म्हणजे नीडल व्हॉल्व्हकडे. माझं ठाम मत आहे की सुईची पाळी शेवटी यावी. दोष शोधायला सुरुवात टाकीपासून करायची.

या छोट्या ग्लो इंजिनांत सहसा इंधनाचा पंप नसतो. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि तेवढ्या ओढीवर इंधन येतं. सायलेन्सरमधून टाकीत सोडलेली एक नळी मागून थोडा रेटा देते. दोन्ही बळं किरकोळच. टाकी सुईच्या १५ सेंमी मागे असेल, तर विमान सरळ वर चढताना इंधन तेवढं उचलावं लागतं. त्याला लागणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम सव्वा टक्का, पण मिश्रण ‘लीन’ व्हायला, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडायला, तो पुरतो. म्हणून टाकीचा मध्य सुईच्या पातळीत किंवा किंचित खाली हवा आणि टाकी इंजिनाच्या शक्य तितकी जवळ हवी.

लीन मिश्रणाची भीती निव्वळ इंजिन बंद पडण्याची नाही. हे इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि सुमारे पाचवा हिस्सा तेल. पुष्कळदा चक्क एरंडेल. वंगणाची दुसरी सोय नसते. इंधन कमी पडलं की तेलही कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन ओरखडतो. शिवाय एक भाग पेट्रोलला जवळपास १४.७ भाग हवा लागते, तर मिथेनॉलला फक्त ६.४. म्हणजे तेवढ्याच हवेला दुपटीहून जास्त इंधन पुरवावं लागतं.

आता टाकीतून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीकडे नीट बघा. एकामागून एक सुटे बुडबुडे येत असतील, तर कुठेतरी हवा शिरते आहे. शहाळ्याच्या स्ट्रॉला चीर गेली की पाण्याऐवजी हवाच तोंडात येते, तसंच हे. सर्वांत फसवी चीर टाकीच्या आतल्या मऊ नळीला पडते. तिच्या टोकाला वजन असतं, विमान कलेल तसं ते इंधनाच्या दिशेने जातं आणि नळी सारखी वाकत राहते. ही चीर बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ती नळी दर हंगामात बदलावी. टाकीची तपासणी सोपी आहे: एक सोडून सगळ्या नळ्या बंद करा, टाकी पाण्यात बुडवा आणि सिरिंजने हळूच हवा भरा.

सुट्या बुडबुड्यांऐवजी दुधासारखा फेस दिसला, तर दोष कंपनाचा. टाकीभोवती फोम गुंडाळा, पंख्याचा तोल तपासा. बुडबुडेच नाहीत आणि तरी इंधन कमी येतंय? मग नळी कुठे दबली आहे का, गाळणी तुंबली आहे का, सुईच्या बारीक भोकात वाळलेलं एरंडेल चिकटलं आहे का, ते पाहा. इंजिन सुरू करताना ग्लो प्लगला जोडलेली बॅटरी काढताक्षणी ते बंद पडत असेल, तर हा प्लग संशयित. त्याची प्लॅटिनमयुक्त तार मिथेनॉलच्या साह्याने स्वतःच तापलेली राहायला हवी.

एवढं झालं की सुई. पूर्ण वेगात, पंख्याच्या मागे उभं राहून इंधनाची नळी क्षणभर चिमटा. वेग किंचित वाढून मग पडला, तर मिश्रण ठीक. लगेच पडला, तर सुई थोडी उघडा. मग कुणाला तरी विमान घट्ट धरून नाक वर करायला सांगा. वेग पडला नाही, तरच उडवा.

एक कळकळीची विनंती: टाकी रिकामी करताना इंधन कधीही तोंडाने ओढू नका. मिथेनॉल विषारी आहे, त्याने दृष्टी जाऊ शकते. आणि ते पेटलं तर भर उन्हात ज्वाला जवळजवळ दिसत नाही.